तुमच्या वतीने वाईन निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, पुणे आणि मुंबईतल्या घरांसाठी, समारंभांसाठी आणि छोट्या रेस्टॉरंटसाठी मी वाईन निवडून देते. पहिल्या फोनवर लोक साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

तुम्ही वाईन विकता का?

नाही. विकायला परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही आणि मला नकोही आहे. तुम्ही प्रसंग, पाहुणे, जेवण आणि बजेट सांगता. त्यावरून कोणत्या बाटल्या, कोणत्या सालाच्या, किती आणि कुठून घ्यायच्या हे मी लिहून देते. खरेदी तुम्ही परवानाधारक दुकानातून किंवा थेट वाईनरीतून करता आणि बिल तुमच्या नावावर होतं. रेस्टॉरंटसाठी काम थोडं वेगळं असतं. तिथे मेन्यू समोर ठेवून वाईन लिस्ट बसवायची, वाढणाऱ्यांना ती समजावायची आणि दर हंगामात पुन्हा तपासायची.

मग तुमचे पैसे कोण देतं? दुकानदाराकडून कमिशन मिळतं का?

पैसे फक्त तुम्ही देता. वाईनरी, आयातदार, वितरक किंवा दुकानदार यांच्याकडून मी एक रुपयाही घेत नाही. फुकट पेट्या घेत नाही, दिवाळीची भेटही घेत नाही. नमुन्याच्या बाटल्या शक्यतो स्वतः विकत घेते, तेही दुकानातून, कारण वाईनरीने खास पाठवलेली बाटली आणि तुमच्या हातात पडणारी बाटली यांत फरक असू शकतो.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या बाटलीवर दुकानाला जास्त मार्जिन असतं ती पुढच्या फळीत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवली जाते. काउंटरवरचा माणूस तीच सुचवतो आणि त्यात त्याचा दोषही नाही, ते त्याचं काम आहे. पण निवडणाऱ्याने दोन्ही बाजूंनी पैसे घेतले की त्याची जीभ कोणाची, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. तुम्ही माझ्याकडून काम करून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून, हा प्रश्न पहिला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

माझं शुल्क कामावर ठरतं, बिलाच्या टक्केवारीवर नाही. टक्केवारी घेतली तर महाग बाटली सुचवण्यात माझाच फायदा होईल.

चांगली वाईन म्हणजे कोणती? मला तर सगळ्या सारख्याच लागतात.

सारख्या लागतात, कारण आपण त्या बहुतेक वेळा एकेकट्या पितो. दोन ग्लास शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो.

मी चार गोष्टी बघते. पहिली समतोल: आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि अल्कोहोल यांपैकी एकच पुढे येऊन बाकीच्यांना दाबत नाही ना. दुसरी, वास आणि चव किती स्पष्ट आहे. तिसरी, गिळल्यावर चव किती वेळ टिकते. साधी वाईन घशाखाली गेली की संपते, चांगली वाईन मागे रेंगाळते. चौथी, त्या चवीत एकाहून जास्त पदर आहेत का.

चाखताना बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात. कोणती कुठली हे मला माहीत नसतं, किंमतही माहीत नसते. जेवणाआधी चाखते आणि थुंकून टाकते. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. स्वस्तात बनवलेली वाईन पहिल्या दिवशी गोड बोलते आणि दुसऱ्या दिवशी पोकळ निघते. मनापासून केलेली वाईन दुसऱ्या दिवशीही उभी राहते, कधीकधी जास्त खुलते. तिसरी फेरी जेवणाबरोबर. ही फेरी वगळून केलेली निवड मी कोणाला देत नाही, कारण तुम्हीही ती जेवणाबरोबरच पिणार आहात.

महाग ती चांगली, एवढं सरळ नाही का?

एका टप्प्यापर्यंत आहे. अगदी स्वस्त बाटलीत काच, झाकण, लेबल, वाहतूक आणि कर यांतच बरेचसे पैसे जातात आणि द्राक्षासाठी फारसं काही उरत नाही. तिथून थोडं वर गेलात की वाढलेला पैसा बऱ्याच अंशी खऱ्या मालात जातो: बागेत कमी घड ठेवणं, चांगली निवडणी, काही महिने ओकच्या पिंपात मुरवणं. आणखी वर गेलात की पैसा नावाला, जड बाटलीला आणि जाहिरातीला लागू लागतो. माझं काम मधल्या पट्ट्यात असतं. भारतीय वाईनबद्दल बोलायचं तर आठशे ते दीड हजारांच्या दरम्यान मला सगळ्यात जास्त समाधान मिळतं.

आयात वाईनचं गणित निराळं आहे. भारतात वाईनवर एकूण १५० टक्के आयात शुल्क अनेक वर्षं लागू राहिलं आहे. बंदरात ५०० रुपयांना पोचलेल्या बाटलीवर ७५० रुपये शुल्क लागलं की ती तिथेच १,२५० रुपयांची होते. मग राज्याचं शुल्क, आयातदार, वितरक आणि दुकान यांचा वाटा. म्हणजे दुकानात दोन-अडीच हजारांना दिसणारी बाटली तिच्या गावात रोजच्या जेवणाबरोबरची साधी वाईन असू शकते. ती वाईट नसते, पण तुम्ही दोन हजारांची वाईन पीत नसता, त्यातला बराचसा कर आणि प्रवास पीत असता.

मग परदेशी वाईन घ्यायचीच नाही?

घ्यायची, पण हिशेब समजून. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार पाच अमेरिकी डॉलरहून महाग ऑस्ट्रेलियन बाटलीवरचं शुल्क आधी १०० टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरहून महाग बाटलीवरचं ७५ टक्क्यांवर आलं. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. शुल्क आयातीच्या किमतीच्या टक्केवारीत असल्याने ही कपात थोड्या वरच्या दर्जाच्या बाटलीत ठळक दिसते. ऑस्ट्रेलियाची शिराझ ही लाल वाईन एखाद्या मोठ्या जेवणासाठी हवी असेल तर मी आता आनंदाने सुचवते.

नाशिकची वाईन खरंच चांगली आहे, की आपली म्हणून कौतुक?

चांगली आहे, पण सगळी नाही.

महाराष्ट्रातली ही वाट नाशिकहून नाही, नारायणगावहून सुरू झाली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाईन काढली आणि ती परदेशातही विकली गेली. पुढे राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने नाशिकला बाग लावली आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागांत वाईनऱ्या उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकबाहेरही बघा: अकलूजला मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदारांनी मिळून उभी केलेली फ्रातेल्ली आहे, आणि त्यांची ‘सेत्ते’ ही लाल वाईन चाखल्यावर सोलापूर जिल्ह्याबद्दलचं अनेकांचं मत बदलतं.

चांगली वाईन कुठून येते हे बागेत गेल्याशिवाय कळत नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच फळ देतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून बागायतदार दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरला, गोडी छाटणी. फळ थंडीत धरतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. ढगाळ हवा आली की भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांची धास्ती, आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या तर वर्ष हातातून जातं.

दुसरी गोष्ट जातीची. खाण्याच्या द्राक्षाला मोठा, फुगलेला मणी लागतो, त्यासाठी शेतकरी जीए या वाढीच्या संजीवकाच्या फवारण्या करतो आणि घड त्यात बुडवतो (डिपिंग). वाईनला याच्या उलट हवं असतं: लहान मणी, जाड साल, बी असलेलं फळ, कारण रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीत असतो. वेलावर घड कमी ठेवले की चव एकवटते, पण एकरी माल घटतो. वाईनरी शेतकऱ्याला नुसत्या वजनावर पैसे देते की साखर आणि दर्जा बघून देते, हे मी विचारते. जिथे दर्जाला जास्त दर मिळतो तिथे शेतकरी घड कमी ठेवायला राजी होतो, आणि ते ग्लासात कळतं.

माझ्या चवीप्रमाणे आपल्याकडे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाईन्स पैशाला सगळ्यात जास्त जागतात. लाल वाईनमध्ये शिराझ आपल्या मातीला मानवली आहे. स्वस्त कॅबर्ने सोव्हिन्याँपासून मात्र मी लोकांना सावध करते: कच्च्या फळाचा हिरवट, सिमला मिरचीसारखा वास त्यात बऱ्याचदा येतो.

बाटलीवरचं साल किती महत्त्वाचं?

पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाईनसाठी फार. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे जगातल्या थोड्याच वाईन्सना लागू पडतं. बाकीच्या वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात. आपली काढणी जानेवारी-मार्चला होत असल्याने त्याच वर्षाची पांढरी वाईन पावसाळ्याच्या आसपास दुकानात येऊ शकते. तीन-चार वर्षं जुनी साधी सोव्हिन्याँ ब्लाँ सवलतीत दिसली तर सोडून द्या. ओकमध्ये मुरवलेली रिझर्व्ह शिराझ तीन ते पाच वर्षांची असेल तर हरकत नाही.

दुकानात बाटली घेताना काय बघू?

आधी दुकान बघा, मग बाटली. वाईनचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव, सोलापूरकडे एसी नसलेल्या गोदामात राहिलेली पेटी आतून शिजते. तिला उकडलेल्या फळासारखा, जाम-सुक्या मेव्यासारखा वास येतो आणि ताजेपणा निघून जातो. बूच थोडं वर आलेलं असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर ती बाटली नको. काचेच्या खिडकीत उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली उभी असलेलीही नको. पांढरी वाईन तपकिरी-सोनेरी झाली असेल तर तिची वेळ गेलेली असते. ज्या दुकानात माल पटपट खपतो तिथलीच घ्या. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, लवकर प्यायच्या वाईनला ते बुचापेक्षा बरं, कारण बुचामुळे येणारा कुबट वास त्यात सहसा येत नाही.

आपल्या जेवणाबरोबर कोणती चालते? वाईन तर पाश्चात्त्य जेवणाची ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

तिखटापासून सुरुवात करू. तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. म्हणून ‘मटण आहे म्हणजे रेड’ हा नियम कोल्हापुरी तांबड्या रश्शासमोर टिकत नाही. तिथे चांगली थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या. गोडी तिखटाला आवरते आणि आंबटपणा तेलाची तवंग कापतो. पांढऱ्या रश्शाला नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचा मऊपणा असतो, त्याला ब्रूट, म्हणजे फसफसणारी कोरडी (गोड नसलेली) वाईन, छान जाते. तेच मटण सुकं, मिरे आणि गरम मसाल्याचं, तिखट बेताचं असेल, तर मात्र शिराझ. तिच्या स्वतःच्या चवीत मिऱ्याची झाक असते.

मालवणी ताटात कोकम असतं. पदार्थ आंबट असला की वाईनचा आंबटपणा फिका पडतो, म्हणून वाईन पदार्थाइतकी तरी आंबट हवी. तळलेली सुरमई, बोंबील, कोळंबी यांना सोव्हिन्याँ ब्लाँ लिंबू पिळल्यासारखी बसते. माशाबरोबर तुरट लाल वाईन घेतली तर तोंडात धातूची चव येते, ते टाळा.

शाकाहारी घरांतून फोन येतो तेव्हा आवाजात थोडा संकोच असतो, तो नसावा. भरल्या वांग्यातलं शेंगदाणा-खोबरं आणि गोडा मसाला यांना कोरडी रोझे किंवा टेम्प्रानियो ही हलकी लाल वाईन फार छान जाते. अळूवडी आणि कोथिंबीर वडीला ब्रूट. पुरणपोळीला वाईन द्यायचीच असेल तर ती पोळीपेक्षा गोड हवी, नाहीतर आंबट लागते. उशिरा काढणी केलेल्या द्राक्षांची गोड शेनिन ब्लाँ चालेल, पण लहान ग्लासात.

तापमान विसरू नका. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशातला आहे. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची, आपली तीसची. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. पांढरी आठ-दहा अंशांवर हवी.

रिसेप्शनला दोनशे पाहुणे आहेत. किती बाटल्या लागतील?

७५० मि.ली.च्या बाटलीत १५० मि.ली.चे पाच ग्लास होतात. आपल्याकडे सगळे पाहुणे घेत नाहीत. समजा साठ जण घेतील आणि प्रत्येकी सरासरी अडीच ग्लास. म्हणजे दीडशे ग्लास, तीस बाटल्या. थोडी जास्तीची धरून बारांच्या तीन पेट्या घ्या. उन्हाळ्यात दोन पांढऱ्या-रोझे आणि एक लाल, थंडीत उलट. न उघडलेल्या पेट्या परत घेण्याबद्दल दुकानाशी आधीच बोलून ठेवा.

कायद्याकडे दुर्लक्ष नको. हॉल किंवा लॉनला परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना काढावा लागतो. महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी वय २१, इतर मद्यासाठी २५ लागतं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथल्या कार्यासाठी मी काम घेत नाही.

गोव्यात स्वस्त मिळते, तिथून आणू का?

गोव्यात कर कमी, म्हणून किंमत कमी. पण ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं लिहिलेली बाटली महाराष्ट्रात आणणं बेकायदा ठरतं आणि सीमेवर तपासणी होते. तिथे गेलात तर तिथेच प्या. गोड पोर्ट वाईनही तिथल्याच जेवणाबरोबर चाखा.

सुपरमार्केटमध्ये वाईन मिळणार होती ना?

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला होता. विरोध झाला आणि तो अमलात आला नाही.

बाटली खराब निघाली तर?

ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर बुचाचा दोष. व्हिनेगरसारखा आला तर हवा लागलेली. ओतून टाकू नका: बाटली, झाकण आणि बिल ठेवा, मला फोटो पाठवा. बॅच क्रमांकावरून मी वाईनरीशी बोलते. तळाशी बसलेला गाळ किंवा काचेसारखे बारीक खडे मात्र दोष नाहीत. ते खडे वाईनमधल्याच आम्लाचे असतात.

साठवून ठेवली तर किंमत वाढेल का?

गुंतवणूक म्हणून भारतीय वाईन घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. तिला पुनर्विक्रीची बाजारपेठ नाही आणि परवान्याशिवाय विकताही येत नाही. घरात ठेवायची तर अंधारात, आडवी, बारा-पंधरा अंशांवर. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरचा कप्पा ही सगळ्यात वाईट जागा.

रोज एक ग्लास आरोग्याला चांगला असतो म्हणतात. खरं?

मी हे सांगून कधीही वाईन सुचवत नाही. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. चवीसाठी प्या, कमी प्या. गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा गाडी चालवायची असेल तर पिऊ नका. पाहुण्यांसाठी वाईन निवडताना न पिणाऱ्यांसाठी चांगलं सरबत किंवा सोलकढी काय ठेवणार, हेही मी विचारते. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फोन करण्याआधी काय तयार ठेवू?

पाहुण्यांची संख्या, त्यातले साधारण किती घेतात, जेवणाचा मेन्यू, बाटलीमागचं बजेट आणि कार्यक्रम कुठल्या शहरात आहे. आधी आवडलेल्या एक-दोन बाटल्यांचे फोटो असतील तर उत्तम, न आवडलेल्यांचे असतील तर त्याहून उत्तम. रिसेप्शनसाठी महिनाभर आधी बोला, म्हणजे परवाना आणि माल दोन्ही वेळेत होतात. घरच्या जेवणासाठी आठवडा पुरतो.